नर्सिंगच का? घरात उत्तर मिळालं नाही म्हणून इथे विचारतेय

कृष्णाकाठ | रविवार, सायं. ६:१०

थोडं सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

लेकीची बारावी झाली. नीटचा निकाल लागला. एमबीबीएस लांबच, पण खासगीत कुठेतरी बीएएमएस मिळून जाईल इतके मार्क आहेत. आम्ही त्याच तयारीत होतो. आता कळतंय की बाईसाहेबांनी मध्येच बीएस्सी नर्सिंगची सीईटीही दिली होती. फॉर्मचे पैसे मामाने भरले, हेही आत्ताच कळलं. म्हणते, नर्सिंगच करायचं.

घरात तेव्हापासून वातावरण तंग आहे. जाऊबाई म्हणतात, "बीएएमएस केलं तर नावाआधी डॉक्टर तरी लागतं, स्थळं कुठली येतील ते बघा." सासूबाईंचं एकच पालुपद, "परक्यांची घाण काढायला पोरगी शिकवली का?" हे काहीच बोलत नाहीत, पेपर वाचतात. दिवसातून तीनदा तोच पेपर.

मी दोनदा विचारलं, का गं? पहिल्यांदा म्हणाली, "आवडतं." दुसऱ्यांदा म्हणाली, "दादाने मेकॅनिकल घेतलं तेव्हा त्याला विचारलं होतंस का?"

इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत हे माहीत आहे. तुम्ही का आलात? मुलाखतीत सांगतात ते नको. खरं कारण सांगा.

---

फावलावेळ | रविवार, सायं. ६:२२

पहिला नंबर. कन्येचा प्रश्न बिनतोड आहे, आधी त्याचं उत्तर द्या. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

---

खडूस_काका | रविवार, सायं. ७:०५

सरळ सांगतो, राग येईल. सेवाभाव वगैरे सगळं १२ मेच्या, परिचारिका दिनाच्या भाषणापुरतं. मागच्या वर्षी बायकोच्या ऑपरेशनला एका मोठ्या खासगी रुग्णालयात सहा दिवस होतो. बेल दाबली की वीस मिनिटांनी सिस्टर येणार, ती पण कपाळावर आठ्या घालून. माझं मत: बीएएमएस घ्या. मुलगी हुशार आहे तर हुकूम सोडणाऱ्यांत जाऊ दे, झेलणाऱ्यांत नको.

---

पांढरी_टोपी | रविवार, रात्री ९:४०

काका, मी चाळीस वर्षं मुंबईत परळला महापालिकेच्या रुग्णालयात काढली. परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. तुमच्या आठ्यांकडे नंतर येते. आधी कृष्णाकाठ यांना उत्तर.

माझे बाबा गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सगळ्यांना वाटलं महिना, फार तर दोन. मी तेव्हा अकरावीला. बारावी होईपर्यंत घरातला रेडिओ गेला होता, आईच्या बांगड्या गेल्या होत्या, आणि मधला भाऊ मालवणला काकांकडे पाठवला होता, एक तोंड कमी म्हणून. आमच्या चाळीत एक सिस्टर राहायच्या. त्या म्हणाल्या, नर्सिंग स्कूलला लागलीस तर राहायला हॉस्टेल, जेवायला मेस आणि वर महिन्याला स्टायपेंड. मी पुढचं काही ऐकलंच नाही. शिकताना पैसे देतात, एवढं पुरे होतं.

मुलाखतीला फ्लॉरेन्स नाइटिंगेल पाठ करून गेले होते. क्रिमिया, दिवा, सगळं. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वडील कुठल्या गिरणीत?" त्यांना काय कळायचं ते कळलेलं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या अर्ध्या मुली लालबाग-परळ-शिवडीच्याच तर होत्या.

पहिला स्टायपेंड बाबांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी घेतला नाही. "आईकडे दे," म्हणाले आणि विडी ओढायला खाली गेले. जेवायची वेळ झाली तरी वर आले नाहीत.

तर हे माझं खरं कारण. सेवाभाव नंतर लागला. तिसऱ्या वर्षी असेल. सर्दी नक्की कधी झाली ते सांगता येतं का? तसंच.

---

जुनी_पाने | रविवार, रात्री १०:१५

पांढरी_टोपी, खाली विडी ओढायला गेलेले बाबा डोळ्यांसमोरून हलत नाहीयेत.

थोडं मागे जातो. कृष्णाकाठ यांच्या सासूबाई म्हणतात ते काही नवीन नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि पुढे विधवा, परित्यक्ता बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायला लागल्या, तेव्हा पुण्यात हेच बोललं गेलं. परपुरुषाच्या अंगाला हात, कुणाही जातीच्या माणसाची सेवा, रात्री घराबाहेर. त्या बायकांना 'तू का आलीस' हा प्रश्न फारसा पडला नसेल. दुसरं दार होतंच कुठे?

आणि त्याही आधी सावित्रीबाई. १८९७ च्या प्लेगमध्ये मुलगा यशवंत याने हडपसरजवळ दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या तिथे गेल्या, त्यांनाही लागण झाली, आणि १० मार्चला त्या गेल्या. आपण त्यांना पहिली शिक्षिका म्हणतो, ते बरोबरच आहे. पण शेवटच्या दिवसांत त्या जे करत होत्या त्याला आज आपण नर्सिंगच म्हटलं असतं.

---

फावलावेळ | रविवार, रात्री १०:३१

धागा रविवारी रात्रीच इतका जड होईल असं वाटलं नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

सातपुड्याचा | सोमवार, पहाटे ४:५०

नाइट ड्यूटीवर आहे, वॉर्ड शांत आहे (हे मोठ्याने म्हणायचं नसतं, म्हणून टाइप करतोय).

मी ब्रदर. सरकारी कागदावर अधिपरिचारक. गाव धडगाव तालुक्यात. माझं खरं कारण डीएड. म्हणजे डीएड न करणं. माझ्या आधीच्या पोरांनी सगळ्यांनी डीएड केलं, गावात घराघरात एक मास्तर तयार झाला आणि मग शिक्षकभरतीच बंद पडली. चुलतभाऊ सहा वर्षं डीएड होऊन ऊसतोडीला जायचा. त्यानेच मला जीएनएमचा फॉर्म आणून दिला. म्हणाला, "माणसं शाळेत जायची थांबतील, आजारी पडायची थांबणार नाहीत." मला जीएनएमचा फुल फॉर्म पहिल्या दिवशी कळला. जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी. 'मिडवायफरी'त वाइफ आहे म्हणून मित्रांनी वर्षभर छळलं.

पण दुसरंही एक आहे. लहानपणी आईला झोळीत घालून, बांबूला दोन बाजूंनी खांदा देऊन खाली आणलं होतं. दवाखान्यात सगळे मराठीत विचारत होते, कुठे दुखतं, कधीपासून. आईला पावरी सोडून काही येत नव्हतं. तिने पोटावर हात ठेवला, मग छातीवर, मग परत पोटावर. ते चिडले. मी सात-आठ वर्षांचा, मला मराठी शाळेपुरती. मी जे सांगितलं ते बरोबर होतं की नाही, आजही माहीत नाही. आई वाचली, एवढं खरं.

आता कुणी म्हातारी डोंगरातून आली की स्टाफ मला हाक मारतो. ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात असली तरी.

अवांतर: मला पेशंट 'डॉक्टरसाहेब' म्हणतात आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या लेडी डॉक्टरांना 'ओ सिस्टर'. आम्ही दोघांनीही दुरुस्त करणं सोडून दिलंय.

---

भूलतज्ज्ञ | सोमवार, सकाळी ७:३०

शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. मी तीच 'ओ सिस्टर'. एकदा पेशंटला भूल देऊन, ऑपरेशन संपवून, शुद्धीवर आणल्यावर त्याने विचारलं, "डॉक्टर आलेच नाहीत का?"

---

खडूस_काका | सोमवार, सकाळी ८:१२

सातपुड्याचा, तुमचा प्रतिसाद आवडला. पण माझा मुद्दा तिथेच आहे. तुम्ही नाइलाजाने आलात, पांढरी_टोपी बाई नाइलाजाने आल्या, रमाबाईंच्या विधवा नाइलाजाने. या मुलीला नाइलाज नाही ना?

---

कोट्टायम_मिरज | सोमवार, सकाळी ११:०५

काका, प्रश्न चांगला आहे. माझ्या घरात तिसरी पिढी नर्सिंगमध्ये. आजी केरळातून मिरजेला आली. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे मिशनचं रुग्णालय काढलं हे मिरजेत लहान पोरालाही ठाऊक असतं. आजीची मावशी आधी आलेली, तिने आजीला बोलावलं, आजीने आईला घातलं, आणि मी? मला कुणी विचारलंच नाही. जसं तुमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला विचारत नाहीत तसं.

सगळीकडे मल्याळी सिस्टरच का, हा प्रश्न मला हज्जारदा विचारलाय. लोकांना वाटतं आमच्या रक्तात दया जास्त. काय नाय वो तसं. आमच्याकडे मुलींना शाळेत घालायची रीत लवकर पडली, मिशनच्या रुग्णालयांत शिक्षण मिळायचं, घरी चार बहिणी, हुंडा वडिलांच्या आवाक्याबाहेर. नर्स झालेली बहीण आखातातून पैसे पाठवायची आणि बाकीच्यांची लग्नं लागायची. आणि इकडे त्याच वेळी चांगल्या घरच्या मराठी मुली नर्सिंगला येत नव्हत्या, कारण तुमच्या सासूबाईंसारख्या सासवा प्रत्येक घरात होत्या (कृष्णाकाठ, रागवू नका). मोकळ्या खुर्च्या होत्या, आम्ही बसलो.

मराठी मला आईच्या भाषेइतकीच येते. तरी वॉर्डात नवीन पेशंट माझ्याशी हिंदीत बोलतो आणि मी मिरजेच्या मराठीत उत्तर दिलं की उठून बसतो. अर्धा आजार तिथंच बरा.

---

आता_बँकेत | सोमवार, दुपारी १:२०

उलट बाजू पण यायला हवी.

मी नर्सिंग चार वर्षं केलं आणि सोडलं. कारण माझं नव्हतंच. आत्याने ठरवलं, 'नोकरी हमखास'. पास झाले, एका खासगी रुग्णालयात लागले. (नाव लिहीत नाही.) दोन वर्षांचा बॉंड, मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात. पगार सांगायची लाज वाटेल इतका. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने खासगीतल्या नर्सेसना निदान वीस हजार तरी द्या असं सुचवलं, आम्ही नोटीस बोर्डवर त्याचं कात्रण लावलं. संध्याकाळपर्यंत कात्रण गायब.

एका रात्री अठ्ठावीस पेशंटला आम्ही दोघी. एकाचं सलाईन संपलं, दुसऱ्याला उलटी, तिसऱ्याचे नातेवाईक एसी कमी करा म्हणून अंगावर. त्या रात्री कुणाला काही झालं नाही. पण सकाळी बसस्टॉपवर बसले आणि बस आली तरी उठता येईना. दुसरी आली, तिसरी आली.

मग बँकेच्या परीक्षा दिल्या. आता काउंटरवर असते. एक सवय मात्र गेली नाही: माणूस स्लिप द्यायला हात पुढे करतो आणि मी आधी त्याच्या मनगटावरची शीर बघते. 'काय सुंदर शीर आहे, एका टोचण्यात मिळेल.' मग पासबुक.

---

खडूस_काका | सोमवार, दुपारी १:४५

बघा. हेच सांगत होतो.

---

पांढरी_टोपी | सोमवार, दुपारी ३:३०

काका, आता तुमच्या आठ्यांकडे येते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचामागे एक. आता_बँकेत ताईंच्या वॉर्डात चौदामागे एक होती. आमच्याकडे पावसाळ्यात मेडिसिन वॉर्डात खाटा भरून खाली गाद्या, गाद्यांच्या मधून पाय कुठे टाकायचा ते बघत चालायचं, रात्री साठ-सत्तर पेशंट आणि आम्ही तिघी. लेप्टो, मलेरिया, डेंगी. तुमच्या बेलला वीस मिनिटं लागली म्हणजे ती वीस मिनिटं ती चहा पीत होती असं समजू नका. आठ्या होत्या हे मान्य. आठ्या मीसुद्धा घातल्यात. एका म्हाताऱ्या पेशंटने मला तोंडावर सांगितलं होतं, "बाय, औषध कडू आहेच, तू तरी गोड दे."

आणि ताई, तुम्ही सोडलंत यात कमीपणा नाही. प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं हा मात्र शुद्ध दांडगावा आहे. कृष्णाकाठ, हे लक्षात ठेवा, मूळ कागद कुणाकडे ठेवायचे नाहीत.

---

चहाटळ | सोमवार, दुपारी ४:०२

पांढरी_टोपी काकू, विचारू की नको असं चाललं होतं. परळचं पालिका रुग्णालय म्हणजे... हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या नर्स अरुणा शानबाग तिथेच होत्या ना? घरच्यांनी पाठवलं कसं तुम्हाला?

---

पांढरी_टोपी | सोमवार, रात्री ९:१०

हो. तेच.

ते झालं २७ नोव्हेंबर १९७३ ला. मी दाखल झाले तेव्हा दहा वर्षं होत आली होती, पण परळमध्ये कुणी विसरलं नव्हतं. आईने ती एकच गोष्ट काढली होती. बाबा म्हणाले, "गिरणीत हात जातात म्हणून कुणी गिरणी सोडली का?" हे उत्तर बरोबर होतं असं मला वाटत नाही. पण तेव्हा घरात दुसरं उत्तर नव्हतं.

वॉर्ड नंबर ४ च्या बाजूच्या खोलीत त्या होत्या. नव्या मुलींना त्यांच्याबद्दल सांगितलं जायचं आणि मग पाळी आली की त्यांचं करायचं. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं. मासे आवडायचे त्यांना. १८ मे २०१५ ला गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं, आणि इतक्या वर्षांत अंगावर शय्याव्रण (पडून राहून होणारी जखम) होऊ दिलं नाही, हे नर्सेसनी केलं. ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांना शय्याव्रण हा साधा शब्द वाटेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवावं लागतं. दिवसाला बारा वेळा. बेचाळीस वर्षांनी गुणा.

२०११ मध्ये दयामरणाच्या प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला तेव्हा बाहेर पुष्कळ चर्चा झाली. दोन्ही बाजू मला कळतात. पण आमच्यातल्या कुणालाही 'तुम्ही हे का करता' असं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या आमच्या स्टाफ होत्या.

या विषयावर मी याहून जास्त लिहिणार नाही.

---

जुनी_पाने | सोमवार, रात्री ९:२५

🙏

---

उपकेंद्र | सोमवार, रात्री १०:४०

मी आरोग्यसेविका, एएनएम. भोरकडच्या डोंगरात. माझी आई सुईण होती. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस दारात आला की आई उठायची, मी तिच्या पदराला धरून मागे. एकदा एका घरी बाळ आडवं होतं. आईला कळलं होतं, पण पुढे काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. गाडी मिळेपर्यंत सकाळ झाली. परत येताना वाटेत आई म्हणाली, "मला जे येत नाय ते तू शिक." बस, तेवढंच.

नियमाने डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र. कागदावर तीन हजार, चालत मोजलं तर वेगळं. लशींचा डबा खांद्याला, पोरं मला बघून पळतात. एका वाडीत माझं नाव 'सुईवाली भुताळी' आहे. त्याच वाडीत सतरा पोरांच्या जन्माच्या वेळी मी होते.

---

चहाटळ | सोमवार, रात्री १०:५२

सुईवाली भुताळी. सदस्यनाव बदला ताई, हे घ्या.

---

नेकारकाठ | मंगळवार, दु. १२:१५

जर्मनीतून लिहितेय, श्टुटगार्ट. माझं कारण पैसा. शुद्ध पैसा. एवढ्या प्रतिसादांत कुणीच ते एकटं कारण म्हणून पुढे केलं नाही म्हणून मी करते. वडिलांवर विहिरीचं कर्ज होतं, विहिरीला पाणी लागलं नाही, मी बीएस्सी नर्सिंग केलं तेच बाहेर जायचं ठरवून.

आता २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने इथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून रोज कुणाचा तरी मेसेज येतो. म्हणून लिहून ठेवते. जर्मन बी-टू पातळीपर्यंत यावी लागते, आणि ती पुस्तकातली जर्मन. इथले म्हातारे श्वेबिश बोलतात, ते सातपुड्याचा यांच्या आईच्या पावरीसारखं, बी-टूला काडीची किंमत नाही. तुमच्या पदवीला इथे मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम करावं लागतं, पगारही तसाच. एजंटला लाखो रुपये देऊ नका, नर्स हवी आहे ती इथल्या लोकांना.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. इथे मावशी नाहीत, वॉर्डबॉय नाहीत, आणि नातेवाईक तर नाहीतच. अंघोळ, दात, जेवण, सगळं नर्स करते. पहिल्या आठवड्यात मला रडू आलं, कॉलेजात शिकलेलं सगळं कुठे गेलं म्हणून. मग एक आजोबा, ८९ वर्षांचे, त्यांची दाढी करताना गप्पा मारायचे. त्यांच्याशी बोलून जी भाषा आली ती क्लासला आली नाही. आणि दाढी करताकरताच मला त्यांच्या तोंडाची एक बाजू किंचित ओघळलेली दिसली. पक्षाघात. वेळेत धरला.

कर्ज फिटलं. विहीर अजून कोरडीच आहे.

---

फावलावेळ | मंगळवार, दु. १२:४०

अवांतर: 'मावशी'वरून आठवलं. सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा (वॉर्डबॉय), मदर (आमच्याकडे मेट्रनना म्हणायचे). रुग्णालयात सगळं गणगोत असतं, फक्त बिल आलं की कुणी ओळख देत नाही.

---

भूलतज्ज्ञ | मंगळवार, दु. २:१०

काकांच्या 'हुकूम सोडणारे आणि झेलणारे' यावर. माझ्या पहिल्या वर्षी मी एका औषधाचा डोस दशांश चिन्ह चुकवून लिहिला होता. दहापट. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरने इंजेक्शन भरलंच नाही. फक्त कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "मॅडम, एकदा बघता का?" त्या दिवशी कुणी कुणाचा हुकूम झेलला ते ठरवा.

आणि मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या सिस्टर अंजली कुलथे आठवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी आवारात शिरलेले, त्यांनी वॉर्डाची दारं लावून वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत हलवलं. पुढे कसाबला ओळखायलाही गेल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. त्या रात्री त्यांना हुकूम द्यायला कोण होतं?

---

खडूस_काका | मंगळवार, सायं. ५:००

ठीक आहे, तो शब्द मागे घेतो. बायकोने हा धागा वाचला आणि सांगितलं की ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री तिला भीती वाटत होती तेव्हा तीच आठ्यावाली सिस्टर पाऊण तास हात धरून बसली होती. मी तेव्हा बाकावर घोरत होतो म्हणे.

बीएएमएसबद्दलचं मत कायम आहे. पण कॉलेज नीट बघा एवढं आता म्हणतो.

---

कोट्टायम_मिरज | मंगळवार, सायं. ५:४०

काका, ते लाखातलं बोललात. कृष्णाकाठ, कॉलेजला मान्यता आहे का ते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तपासा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न हवं. आणि मुख्य म्हणजे त्यांचं स्वतःचं चालतं रुग्णालय आहे का, तिथे खरोखरचे पेशंट आहेत का, ते जाऊन डोळ्यांनी बघा. नुसती इमारत आणि प्लॅस्टिकचा पुतळा असलेली कॉलेजं गल्लोगल्ली निघालीत. पुतळ्याला शीर शोधावी लागत नाही.

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. काल धागा लेकीला वाचायला दिला. दीड तास मोबाईल घेऊन गच्चीवर होती. खाली आली आणि कपाटातून एक दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली.

गेल्या दिवाळीत सासूबाई हृदयाच्या त्रासाने कराडला ॲडमिट होत्या, अकरा दिवस. पायाला सूज, दिवसाला एक लिटरच पाणी द्यायचं. रात्री मी, दिवसा ही. तिथल्या ब्रदरने हिला तक्ता भरायला शिकवला: आत किती गेलं, बाहेर किती आलं. ही तो घरून आणलेल्या वहीत उतरवून ठेवायची. चहा ८० मिली. गोळीबरोबर पाणी ३०. पेज १५०. समोरच्या रकान्यात लघवीच्या पिशवीतलं. खाली रोजचं वजन. अकरा दिवसांची अकरा पानं, पट्टीने रेघा मारलेल्या.

सातव्या दिवसावर लाल गोल आहे. मी विचारलं, हे काय? म्हणाली, आकडे जुळत होते, पण आजीचं वजन दोन दिवसांत दीड किलो वाढलेलं. तिने ब्रदरला दाखवलं. दोघांनी हुडकलं तर कॉटखाली पिशवीत शहाळी निघाली. नणंदबाई रोज भेटायला यायच्या त्या शहाळं घेऊन, 'आईला शक्ती नको का' म्हणून. आणि सासूबाई पांघरूण तोंडावर घेऊन प्यायच्या!

मला यातलं काही माहीत नव्हतं. लेक म्हणाली, "डॉक्टर दोनदा यायचे, पाच-पाच मिनिटं. ते चांगले होते. पण शहाळं त्यांना कधीच दिसलं नसतं. मला शहाळं हुडकायचं काम पाहिजे." मग म्हणाली, "हे तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू आत्याशी भांडली असतीस."

भांडले असते, हे खरं.

यांनी पेपर बाजूला ठेवून वही पहिल्या पानापासून वाचली. सासूबाई आतून ओरडल्या, "माझ्या मुताचा हिशेब गावभर मांडू नका म्हणावं!" तर कृपया इथून बाहेर जाऊ देऊ नका.

शनिवारी एक कॉलेज बघायला जातोय. रुग्णालयासकट.

---

चहाटळ | बुधवार, रात्री ९:३३

शहाळं!!!

---

सातपुड्याचा | बुधवार, रात्री ९:५०

त्या ब्रदरला माझा नमस्कार सांगा, कधी भेटले तर. आणि ती वही फेकू नका.

---

पांढरी_टोपी | बुधवार, रात्री १०:०५

वाचून दोनदा हसले आणि एकदा डोळे पुसले.

एक कामाचं सांगते. पहिल्या दिवसाआधी तिला सेकंद काटा असलेलं घड्याळ घ्या. नाडी मोजायला लागतं. डिजिटल नको, मोबाईल वॉर्डात काढता येत नाही. काटा मोठा आणि लाल असला तर उत्तम.

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:१२

यांचं लग्नातलं एचएमटी पडून आहे. सेकंद काटा लाल नाही, पण आहे. चालेल का?

---

पांढरी_टोपी | बुधवार, रात्री १०:१५

किल्ली दिलीत तर पळेलसुद्धा.